डावीकडून तिसरे कोण? भोपाळच्या मराठी घरांना एक तातडीचं आवाहन



दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. माळ्यावरची ट्रंक खाली येईल, झाकण उघडताच कुबट वास सुटेल आणि घरातलं कुणीतरी म्हणेल, "हे कशाला ठेवलंय अजून? यातलं एक माणूस ओळखू येत नाही." पुढे त्या फोटोंचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आमचा रद्दीवाला वह्या-वर्तमानपत्रं किलोवर घेतो, पण फोटोंचा कागद त्याला चालत नाही. फोटोंचा गठ्ठा तो बाजूला काढून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा कचऱ्याच्या गाडीत जातो.

म्हणून झाकण उघडण्याआधीच ही विनंती. यंदा एकही जुना फोटो टाकू नका. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेजारी बसवा आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहून घ्या. याच आठवड्यात. स्कॅनिंग, डिजिटल, क्लाउड वगैरे मागाहून बघता येईल. मशीन पुढच्या वर्षीही मिळेल.

एवढी घाई कशाची, असं वाटेल. साधा हिशेब करू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. तोवरच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. नागपूरचं ते पद गेलं, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर कारकून, लघुलेखक, हिशेबनीस, ओव्हरसियर असे कितीतरी जण बायकामुलं आणि वळकट्या घेऊन इकडे आले. मध्य भारत विलीन झाला, त्याबरोबर ग्वाल्हेर-इंदूरकडची मंडळी आली. चार वर्षांनी, १९६० साली, पिपलानीच्या बाजूला हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं आणि आणखी मराठी कुटुंबं आली. १९५६ च्या त्या नोव्हेंबरात जो पंचविशीत होता, तो आज पंचाण्णवच्या घरात आहे. त्याची तेव्हाची विशीतली बायको नव्वदीच्या आसपास. ही माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यातल्या काहींना काल संध्याकाळी कोण येऊन गेलं ते सांगता येत नाही, पण १९५७ साली शेजारच्या क्वार्टरमध्ये कोण राहत होतं ते विचारा, घरातल्या मांजराच्या नावासकट सांगतील.

या तीन गावच्या मराठीचं भोपाळात जे काही झालं, त्याची गंमत वेगळीच. नागपूरकर "काय करून राहिला" म्हणायचे, ग्वाल्हेरकरांच्या बोलण्यात दरबारी अदब आणि इंदूरकरांना पोह्यांवर दुसऱ्या कुणाचा हक्कच मान्य नाही. पाण्याच्या एकाच नळावर तिन्ही बोली भांडायच्या आणि गणपतीत एकाच टेबलाभोवती आरती म्हणायच्या. या सगळ्याचा इतिहास कुठे लिहिलेला आहे? राजपत्रात बदल्यांचे हुकूम असतील, क्वार्टर वाटपाच्या याद्या असतील. पण त्या क्वार्टर्सच्या व्हरांड्यात बसणारी माणसं फक्त आपल्या ट्रंकांत आहेत.

माझ्याजवळचा एक फोटो सांगतो. तळहातात मावेल एवढा, काठ करवतीसारखे कातरलेले. टी.टी. नगरमधल्या एफ टाईप क्वार्टरचा व्हरांडा. भिंतीला ताजा चुना. टेबलावर घडीची चादर अंथरून गणपती मांडलाय, चादरीच्या घड्या फोटोतसुद्धा मोजता येतात. मागे पेन्सिलीनं, वडिलांच्या अक्षरात, 'क्वार्टरमधला पहिला गणपती, १९५९'. एवढंच. फोटोत नऊ माणसं. मागे चार पुरुष उभे, पुढे सतरंजीवर तीन बायका, त्यांच्या पुढ्यात दोन मुलं. त्यातलं एक मूल ऐन वेळी हललं, त्यामुळे त्याला चेहऱ्याऐवजी धुक्याचा एक गोळा आहे. तो मी.

आईच्या शेवटच्या वर्षी मी हा फोटो तिच्यासमोर धरला. भिंग लावून तिनं एकेक ओळखलं. आठ नावं मिळाली, कोण कुठल्या खात्यात, कुणाची मुलगी कुणाला दिली, हेही मिळालं. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या गृहस्थांपाशी गाडी अडली. "हे मंगळवारी जेवायला यायचे. यांना क्वार्टर मिळालं नव्हतं ना, बिऱ्हाड नागपूरलाच होतं. तिखट जमायचं नाही बिचाऱ्यांना." आणि नाव? "थांब न बाप्पा, येऊन राहिलं ओठांवर." आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, आठवड्यानं पुन्हा. त्यांना वरणात गूळ जास्त लागायचा इथवर आलं. नाव आलं नाही. त्या थंडीत आई गेली.

दहा वर्षं आधी विचारलं असतं तर तिनं ते नाव भाजी निवडता निवडता सांगितलं असतं. फोटो तर तेव्हाही याच ट्रंकेत होता.

आता तुमच्या घरातल्या फोटोंची पाठ बघा. बहुतेकांच्या पाठीवर काही नसेलच. ज्यांवर असेल त्यांवर लिहिलेलं असेल: नाना, माई, बेबी, बाळ आणि अण्णा. मराठी घरात ही नावं नसून पदं असतात. प्रत्येक घरात एक नाना असतो आणि प्रत्येक पिढीत एक बाळ. हा बाळ पुढे अधीक्षक अभियंता होऊन निवृत्त झालेला असतो, पण फोटोपुरता बाळच राहतो. बायकांची गत तर आणखी वाईट. 'सौ. वहिनी' म्हणजे कोण? लग्नात आडनाव बदललं, बऱ्याच जणींचं नावही बदललं. सासरच्या अल्बममध्ये ती वहिनी, माहेरच्या अल्बममध्ये ती बेबी, आणि ही दोन्ही एकच बाई आहे हे जिला माहीत होतं ती आजी गेली की एका बाईच्या दोन अनोळखी बायका होतात. तेव्हा नाव लिहाल तर पाळण्यातलं, सासरचं, माहेरचं, सगळं लिहा. 'काकू' लिहून समाधान मानू नका.

याच शहरात ज्यांची नावं राहिली त्यांच्याकडेही बघा. १८६२ साली जेम्स वॉटरहाउस नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी कॅमेरा घेऊन मध्य भारतात फिरला. भोपाळला त्यानं सिकंदर बेगम आणि त्यांची मुलगी शाहजहाँ बेगम यांचे फोटो घेतले. आज दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या फोटोंत कोण बसलं आहे याबद्दल कुणाला शंका नाही. नवाबाच्या घरचा फोटो नावासकट जपला जातो, त्यासाठी दरबार असतो, दप्तर असतं, विलायतेतली संग्रहालयं असतात. कारकुनाच्या घरी हे काम त्याच्या बायकोच्या आठवणीवर चालतं.

आणि नाव नसणं म्हणजे काय, हे भोपाळइतकं दुसऱ्या कुणाला कळायला हवं? २ डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या रात्रीनंतर हमीदिया रुग्णालयात ओळख न पटलेल्या मृतांचे फोटो काढून लावले होते. नातेवाईक त्यांच्यासमोरून चेहरे शोधत जात होते. मातीत पुरल्या जाणाऱ्या एका लहानग्याचा छायाचित्रकार रघु राय यांनी टिपलेला फोटो साऱ्या जगानं पाहिला. त्या मुलाचं नाव आजही कुणाला माहीत नाही. त्या घटनेचं दुःख माझ्या ट्रंकेशी जोडायचं माझ्या मनात नाही, ते वेगळंच आहे. पण चेहरा उरतो आणि नाव जातं, हे या गावानं बघितलेलं आहे, एवढंच म्हणायचंय.

आपल्या शहराला तशीही नावांपेक्षा आकड्यांची सवय. बाराशे पन्नास क्वार्टर, पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले, दहा नंबर स्टॉप, बारा नंबर स्टॉप. पाहुण्याला पत्ता सांगताना आपण पाढे म्हणतोय असं वाटतं. पण ते आकडेही आता चालले. स्मार्ट सिटीचा घाट आधी शिवाजीनगरला घातला होता, लोक झाडांसाठी उभे राहिले तेव्हा तो २०१६ साली टी.टी. नगरकडे वळला आणि जुनी क्वार्टर्स एकामागून एक पडली. तात्या टोप्यांच्या नावाच्या या वस्तीत मी वाढलो. आमच्या व्हरांड्याच्या जागी आता मला उभंसुद्धा राहता येत नाही, नेमकी जागाच सापडत नाही. त्या चुन्याच्या भिंतीचा पुरावा म्हणाल तर तो तळहाताएवढा कागद.

"सरकारदरबारी नोंदी असतीलच की," असं एका मित्रानं मला समजावलं. त्याला मी १२ जून २०२३ ची आठवण करून दिली. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांच्या सातपुडा भवनाला आग लागली, मजले जळाले, फायलींचे गठ्ठे जळाले. सरकारी कपाटावर विसंबायचं किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

उलट उदाहरणही भोपाळातच आहे. माधवराव सप्रे समाचारपत्र संग्रहालय तुम्ही पाहिलं नसेल तर जरूर पाहा. विजयदत्त श्रीधर यांनी १९८४ साली ते सुरू केलं आणि लोकांच्या घरांतून, माळ्यांवरून, एरवी रद्दीत गेले असते असे जुने अंक मिळवत मिळवत ते उभं राहिलं. ज्यांच्या नावानं ते आहे ते माधवराव सप्रे आपले मराठी. 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे. जुन्या वर्तमानपत्रांचं भोपाळात जमलं, मग घरच्या फोटोंचं का जमू नये? फरक एकच आहे. वर्तमानपत्रावर तारीख छापलेली असते आणि नावंही छापलेली असतात. फोटोवर ती आपल्यालाच लिहायची आहेत, आणि सांगणारा माणूस आहे तोवरच.

तर कसं करायचं, ते अनुभवावरून सांगतो. म्हाताऱ्या माणसाला दुपारच्या चहानंतर बसवा, जेवणानंतर नको, डुलकी येते. उजेड खिडकीचा घ्या, भिंग द्या. मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून तो बाजूला उलटा ठेवून द्या. तोंडासमोर धरलेल्या मोबाइलशी आमच्या पिढीतलं कुणी मोकळं बोलत नाही. आणि थेट "हे कोण?" असं विचारू नका. परीक्षेत विचारल्यासारखं वाटतं आणि नाव आणखी आत जातं. आडून विचारा. ही साडी कुणाची? जेवायला काय होतं त्या दिवशी? हा फोटो कुणी काढला? या शेवटच्या प्रश्नानं तर हमखास काम होतं, कारण कॅमेरा आळीत एखाद्याकडेच असायचा, त्याची ऐट सगळ्यांना आठवते आणि त्या ऐटीच्या मागून बाकीची माणसं येतात. एका बैठकीत दहा-बारा फोटोंच्या वर जाऊ नका. दमतात, आणि काही फोटोंपाशी गप्प होतात. तिथे आपणही गप्प बसावं.

नाव लिहायचं ते पाठीवर, कडेच्या बाजूला, मऊ पेन्सिलीनं, दाब न देता. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे चेहऱ्यावर उठतो. नंतरच्या रंगीत फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही. तिथे चिठ्ठी लिहून फोटोबरोबर कागदी पाकिटात घाला. त्या रंगीत फोटोंचीच जास्त काळजी घ्या. आजोबांचा काळा-पांढरा फोटो अजून स्वच्छ असतो आणि तुमच्या मुंजीचा लाल पडत चाललेला असतो, हे तुम्हीही बघितलं असेल. चिकट पानांचे, वरून प्लास्टिक ओढायचे ते अल्बम फोटोंचे वैरी आहेत. त्यातून सहज सुटतील ते काढा, जे सुटत नाहीत ते पानासकट राहू द्या. लॅमिनेशन अजिबात करू नका. जपण्याच्या नादात आपण फोटोला कायमचं कोंडतो.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर कधीही ओढू नका. हे मी करून बसलोय. आजोबांचा ग्वाल्हेरच्या स्टुडिओतला फोटो, पावसाळ्यात ओल धरून काचेला चिकटलेला. हलकेच सोडवतो म्हणालो आणि पगडीपासून डाव्या डोळ्यापर्यंतचा भाग काचेवर राहिला. काचेवरूनच त्याचा फोटो काढून ठेवला असता तर काम झालं असतं.

मोबाइलनं फोटो काढताना सावलीत ठेवा, वरून सरळ धरा, फ्लॅश बंद. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता पाठवला की तो आक्रसतो. आणि ते फोटो रंगवून, चकाचक करून देणारं ॲप हौसेला वापरा, पण मूळ प्रत तशीच वेगळी ठेवा. माझ्या भाच्यानं माझ्या आजीचा फोटो त्यात घातला. आजी सुंदर दिसली, फक्त तिला कुणा दुसऱ्याच बाईचे दात आले होते.

फोटो फक्त लग्नामुंजीचेच बघू नका. ज्यात माणसं नीट आली नाहीत म्हणून अल्बमात चिकटवले नाहीत, त्यांत बरेचदा गाव नीट आलेलं असतं. व्हीआयपी रोड होण्यापूर्वीचा तलावाचा काठ, हमीदिया रोडवरचा टांगा, मिंटो हॉलमध्ये विधानसभा भरायची तेव्हाचं आवार. आणि निगेटिव्हच्या पट्ट्या फेकू नका. त्यांचा छापलेला फोटो हरवला असेल तरी पट्टीत तो शाबूत असतो.

भोपाळच्या मराठी माणसानं कसं बघावं याचा वस्तुपाठ पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी घालून दिला आहे. १९५७ साली रेल्वेच्या डब्यातून जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांना लांबवर ते खडक दिसले आणि त्यांना चैन पडेना. ते तिथवर गेले म्हणून भीमबेटक्याची शैलचित्रं जगाला माहीत झाली. त्याच मार्गानं आपण सगळे वर्षानुवर्षं नागपूरला ये-जा करतो, खिडकीतून तेच डोंगर बघतो. हजारो वर्षांपूर्वीची ती चित्रं काढणाऱ्यांनी नावं लिहिली नाहीत, त्यांना लिपी नव्हती. आपल्याला आहे.

आम्ही काही जण जमलो आहोत. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, वर्गणी नाही. तुम्ही बोलावलंत तर रविवारी दोघे जण घरी येतील, स्कॅनर आणि भिंग घेऊन. फोटो तुमच्या घराबाहेर जाणार नाही, तुमच्या डोळ्यांदेखत स्कॅन होईल आणि त्याची प्रत तुम्हालाच पेनड्राइव्हवर मिळेल. तुम्ही होकार दिलात तरच एक प्रत आम्ही ठेवू, आणि जो फोटो कुणाला दाखवायचा नसेल तो तुमच्याच घरात राहील. कुणी मूळ फोटो मागितले, आमचं नाव सांगून मागितले, तरी देऊ नका. मुलं पुण्यात, बंगळुरूला, न्यू जर्सीत आहेत आणि अरेरा कॉलनीतलं घर विकायला काढलंय, अशा घरी आम्ही आधी येऊ. तिथे सामान आवरायला माणूस लावलेला असतो आणि त्याला ट्रंकेशी देणंघेणं नसतं. हे पत्रक तुम्हाला ज्यानं आणून दिलं त्याच्याकडेच निरोप द्या.

आणि ज्यांच्या घरात कुणी नव्वदीचं आहे त्यांनी आमची वाट बघू नये. आज संध्याकाळीच बसावं.

शेवटी माझं स्वतःचं एक काम. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे ते गृहस्थ: धोतर, गडद रंगाचा बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, गोल काचांचा चष्मा. व्हरांड्यात उभे आहेत तरी मिटलेली छत्री मनगटाला अडकवलेली. १९५९ साली भोपाळात नोकरीला, बिऱ्हाड नागपूरला, मंगळवारी टी.टी. नगरला आमच्याकडे जेवायला. तिखट चालत नसे, वरणात गूळ जास्त लागे. तुमच्या आजोबांचा असा एखादा फोटो ट्रंकेत निघाला, छत्रीसकट, तर कृपा करून कळवा.